राज्याची सीमा आणि महाविद्यालयाची फी

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणी हें गांव बोर धरणाजवळ वसलेलें आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीं हा जिल्हा मध्यप्रदेश राज्यांत होता. त्या दिवशीं तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. गांव जागचें हाललें नाहीं. सीमा मात्र हालली. सोयरसंबंध सीमा पाहून जुळत नाहींत. म्हणून हिंगणीचा एखादा मुलगा पांढुर्ण्यास मामाकडे राहून बारावी झाला, तर त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं. महाविद्यालयाच्या दाराशीं मात्र तीच गोष्ट अडचणीची ठरूं शकते.

आपल्या राज्यांतील व बाहेरील विद्यार्थी यांच्या फींत राज्यानें भेद करावा काय, हा प्रश्न इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयावरून सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता. मध्यभारताबाहेरील विद्यार्थ्यास तेथें नेहमींच्या फीशिवाय १५०० रुपये भरावे लागत. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदानें केवळ जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई आहे. तथापि १९५५ सालीं न्यायालयानें बहुमतानें असा निर्णय दिला कीं, जन्मस्थान निराळें आणि वास्तव्य निराळें. महाविद्यालय राज्याच्या पैशावर चालत असेल, तर तेथील रहिवाश्यांस सवलत देणें अन्यायाचें नव्हे.

या तत्त्वास पुढें मर्यादाहि पडल्या. १९८४ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं, भारतांत अधिवास एकच, तो भारताचा. सर्वच जागा रहिवाश्यांसाठीं राखून ठेवतां येणार नाहींत. २९ जानेवारी २०२५ रोजीं वैद्यकाच्या पदव्युत्तर वर्गांत वास्तव्यावर आधारलेलें आरक्षण घटनाबाह्य ठरलें. पदवीपूर्व शिक्षणांत मात्र रहिवासाचें महत्त्व कायम आहे.

महाराष्ट्रांत अधिवासाच्या दाखल्यासाठीं सामान्यतः १५ वर्षांचें वास्तव्य दाखवावें लागतें. राजर्षी छत्रपती शाहू महाराज यांच्या नांवाच्या शिक्षणशुल्क योजनेचा लाभहि राज्याच्या रहिवाश्यांसच मिळतो. अभियांत्रिकीसाठीं शाळा परराज्यांत झाली असली, तरी विद्यार्थी स्वतः किंवा त्याची आई अथवा वडील येथील अधिवासी असल्यास राज्याच्या जागेसाठीं अर्ज करतां येतो. कर्नाटकाशीं वाद असलेल्या ८६५ गांवांतील मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसहि ही वाट मोकळी ठेविली आहे.

वैद्यकाची गोष्ट कडक आहे. तेथें अधिवासाबरोबरच दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रांतील संस्थांतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. सरकारी नोकरांच्या मुलांसारखे कांहींच अपवाद आहेत. म्हणजे पांढुर्ण्यास बारावी झालेल्या आपल्या मुलास, घरदार व शेती हिंगणीस असूनहि, महाराष्ट्राच्या राखीव जागा सहसा मिळणार नाहींत. मध्यप्रदेशांत त्याचा अधिवास नाहीं, म्हणून तेथील जागाहि दुरावतात. सरकारी महाविद्यालयांत अखिल भारतीय वांट्याच्या शेंकडा १५ जागा तेवढ्या उरतात आणि त्यांसाठीं स्पर्धा साऱ्या देशाशीं असते.

यास्तव पालकांनीं विचार करावयाचा तो बारावीच्या निकालानंतर नव्हे, अकरावीचें नांव घालण्यापूर्वीं. त्या वर्षाची प्रवेश-नियमावली वाचावी, तहसील कचेरींतून अधिवासाचा दाखला वेळींच काढावा आणि शाळा सोडल्याचे दाखले जपून ठेवावे. सीमेपलीकडची शाळा जवळची व चांगली असेलहि; परंतु तिच्यापायीं पुढची कोणती वाट बंद होते, हें आधीं पाहून मगच मुलास तिकडे धाडावें.