साखळी-करवतीची निवड : जुनी यंत्रे व नवी रचना

छत्तीसगड राज्याच्या भूभागापैकी सुमारे 44 टक्के क्षेत्र वनाखाली आहे. रायपूरहून धमतरीकडे जाणारी अरुंद मापाची रेल्वे 1900 साली सुरू झाली. धमतरी व गरियाबंद हे आजचे स्वतंत्र जिल्हे पूर्वी रायपूर जिल्ह्यातच मोडत असत. तेथील वनांतील साल वृक्षाचे लाकूड जड, कठीण व टिकाऊ असल्यामुळे रेल्वेच्या स्लीपरांसाठी त्यास मोठी मागणी असे. असे खोड पूर्वी कुऱ्हाडीने, अथवा दोघांनी समोरासमोर बसून ओढावयाच्या करवतीने कापीत. पुढे हे काम पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत करू लागली.

ह्या यंत्राचे जुने नमुने बंद होऊन नवे बाजारात येतात, तेव्हा अनुभवी तोडणीदारांपैकी अनेक जण जुनाच नमुना मागतात. ही मागणी केवळ सवयीमुळे होते, की तिच्या मुळाशी काही तथ्य आहे, हे यंत्राची रचना पाहिल्याशिवाय ठरविता येणार नाही.

साखळी-करवतीत एका लांबट पोलादी पट्टीभोवती दातेरी साखळी वेगाने फिरत असते. जर्मनीतील आंद्रेआस श्टील ह्यांनी 1926 साली तयार केलेली विजेवरील करवत 64 किलो वजनाची होती व ती चालविण्यास दोन माणसे लागत. 1929 साली त्यांनी पेट्रोलवर चालणारे यंत्र केले. त्याचे वजन 46 किलो होते. एका माणसास वापरता येईल असे त्यांचे पेट्रोलचे यंत्र 1950 साली आले. 1959 सालच्या ‘कॉन्ट्रा’ नमुन्याचे वजन सुमारे 12 किलो व शक्ती 6 अश्वशक्ती होती.

साखळीच्या दातांतील सुधारणा मात्र अमेरिकेत झाली. जोसेफ कॉक्स ह्या लाकूडतोड्याने 1946 साली ओरेगॉनमध्ये एका भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. तिचे वाकडे जबडे डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने कापीत होते. त्यावरून त्याने डावे-उजवे दात असलेली साखळी तयार केली. आजच्या साखळ्या त्याच तत्त्वावर चालतात. विशेष म्हणजे, साल वृक्षाचे खोड पोखरून वने उद्ध्वस्त करणारी कीड त्याच भुंगेऱ्याच्या कुळातील आहे.

आता जुन्या यंत्राचे गुण पाहू. त्याची रचना साधी असते. हवा व पेट्रोल ह्यांचे प्रमाण कार्ब्युरेटरवरील स्क्रू फिरवून जमविता येते. वनात, कारखान्यापासून दूर, एक स्क्रूड्रायव्हर व एक पाना एवढ्यावर यंत्र पुन्हा सुरू करता येते. ज्याची रोजची मजुरी यंत्रावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने हा गुण लहान नव्हे.

परंतु जुन्या यंत्राचे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. पहिला दोष कंपाचा. कंप दीर्घकाळ हातात शिरत राहिल्यास बोटांतील रक्तवाहिन्या व मज्जातंतू बिघडतात; थंडीत बोटे पांढरी पडतात व स्पर्श कळेनासा होतो. कंप ‘मीटर प्रतिसेकंद वर्ग’ ह्या एककात मोजतात. युरोपीय संघाने 2002 साली केलेल्या नियमानुसार आठ तासांच्या दिवसासाठी त्याची मर्यादा 5 आहे. परिणाम कंपाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, 10 कंपाचे यंत्र ही मर्यादा चार तासांत नव्हे, तर दोनच तासांत गाठते. म्हणून 1960 नंतरच्या यंत्रांत मुठी व इंजिन ह्यांच्यामध्ये रबर अथवा स्प्रिंगा बसविण्यास आरंभ झाला.

दुसरा दोष उसळीचा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास टेकला, की करवत क्षणार्धात चालकाच्या चेहऱ्याकडे उसळते. माणसास हात आवरण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात साखळी थांबविणारा ब्रेक अगदी जुन्या यंत्रांत नव्हता.

तिसरा दोष इंधनाचा. जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनात सुमारे पाव हिस्सा इंधन न जळताच धुराबरोबर बाहेर पडते. ते चालकाच्या छातीत जाते आणि त्याच्या खिशासही भार पडतो. नव्या इंजिनांत जळलेला वायू व ताजे मिश्रण ह्यांच्यामध्ये शुद्ध हवेचा थर सोडून ही गळती पुष्कळ कमी केली आहे.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर आहे, तर सरगुजातील मैनपाट 1000 मीटरांहून उंच आहे. उंचीवर हवा विरळ होते आणि रायपुरात जमविलेले मिश्रण तेथे बिघडते. हा फरक नवी इलेक्ट्रॉनिक योजना आपोआप भरून काढते. 2019 साली बाजारात आलेल्या श्टीलच्या एका नमुन्यात तर कार्ब्युरेटरच नाही. पेट्रोल थेट मोजून सोडले जाते. पट्टी व साखळी वगळता त्याचे वजन केवळ 6.2 किलो असून शक्ती ‘कॉन्ट्रा’हून अधिक आहे. मात्र ही योजना बिघडल्यास स्क्रूड्रायव्हर उपयोगी पडत नाही. तपासणीचे खास उपकरण असलेल्या कारागिराकडेच जावे लागते.

तात्पर्य, दोन्ही बाजूंना आपापला आधार आहे; पण त्यांचे मोल सारखे नाही. बिघडलेले यंत्र आज ना उद्या दुरुस्त होते. बधिर झालेली बोटे मात्र पूर्ववत होतीलच असे नाही. म्हणून ब्रेक व कंपरोधक योजना नसलेले यंत्र कितीही विश्वासू असले, तरी त्यास निवृत्त करणेच योग्य होय. ह्या दोन्ही गोष्टी असलेल्या यंत्रांतून निवड करताना मात्र जवळपास दुरुस्ती होते की नाही हे अवश्य विचारावे. केवळ नवेपणास भुलू नये.

यंत्र कोणतेही असो, बोथट साखळीपुढे साऱ्या सुधारणा व्यर्थ ठरतात. सागाच्या लाकडात वाळूसारखे सिलिकाचे कण असल्यामुळे त्यात दातांची धार लवकर जाते. दात धारदार असताना करवतीतून जाड ढलप्या पडतात. त्यांच्या जागी पिठासारखा भुसा पडू लागला, की काम थांबवून कानस हाती घ्यावी.