दिवा घेतलेली ‘ती’ नेमकी कोण? आणि ती आनंदी आहे की उदास?

दिवाळी आली की एक चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरतं. जांभळट साडीतली एकटी स्त्री, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. खाली बऱ्याचदा लिहिलेलं असतं, ‘राजा रवि वर्मा’.

रवि वर्मा १९०६ मध्येच गेले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. नाव ‘ग्लो ऑफ होप’, म्हणजे आशेचा उजेड. ते सध्या म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे.

आता मूड कसा ओळखायचा? आधी चेहरा नको, उजेड बघा. हा जलरंग आहे. जलरंगात उजळ भाग बहुतेक वेळा कागदाचाच पांढरेपणा राखून मिळवतात. एकदा गडद झालं की मागे फिरणं अवघड. म्हणजे चेहऱ्यावरचा आणि बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड कुठे राहणार, हे आधीच ठरवावं लागतं.

मग हात बघा. वारा नसेल तर ज्योतीला कुणी हात आडवा धरत नाही. खरी गंमत इथे आहे. नावात आशा असली तरी त्या हातात ज्योत विझण्याची धास्तीही आहे.

त्यामुळे एकच चित्र सगळ्यांना सारखं दिसत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर लोक झोपलेले असताना, भूकंपाने उद्ध्वस्त केलेल्या गावांपैकी हे एक. ज्या घराने ती पहाट पाहिली, तिथे अंधारात दिवा घेऊन उभी असलेली एकटी बाई पाहून दिवाळीच आठवेल असं नाही. तोही अर्थ चुकीचा नाही, कारण अंधार, एकटेपणा आणि जपलेली ज्योत चित्रात आहेच. ‘नवऱ्याची वाट पाहणारी पत्नी’ ही कॅप्शन मात्र पदरची. चित्रात नवरा नाही आणि वाटही नाही.

मॉडेल होती हळदणकरांची मुलगी गीता. आपल्याकडे ‘वंशाचा दिवा’ म्हणजे मुलगा. इथे बापाने दिवा मुलीच्या हाती दिला. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या, कोल्हापुरात राहिल्या. २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.