दांपत्य आणि आत्मप्रतिष्ठा

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याच्या रस्त्यानें निघालें कीं शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. 2001 सालीं तेथें स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांभोंवतीं पाळीच्या वेळांवर चालणारे संसार असतात. रात्रपाळी करून आलेला पति न बोलतां निजतो. एक पत्नी म्हणते, "थकले असतील." दुसरी मनाशीं ठरविते, "ह्यांना माझा कंटाळा आला." मौन दोन्ही घरीं एकच, निराळें आहे तें त्या दोघींचें स्वतःविषयींचें मत. पत्नी पाळीवर जाते त्या घरीं पतीच्या मनांतही हाच खेळ चालतो.

आपण आदरास पात्र आहों, ही जी मनाची बैठक, तिला आत्मप्रतिष्ठा म्हणूं. अहंकार वेगळा, त्याला दुसऱ्यास कमी लेखावें लागतें, हिला लागत नाहीं. त्याच माणसांची पुनःपुन्हा पाहणी करणाऱ्या 52 अभ्यासांचा मिशेल हॅरिस व उलरिख ऑर्थ ह्यांनीं 2020 सालीं एकत्र विचार केला. चांगल्या नात्यानें आत्मप्रतिष्ठा वाढते आणि आत्मप्रतिष्ठेनें नातें सुधारतें, असें त्यांस आढळलें. परिणाम लहान, पण दोन्ही बाजूंनीं जवळजवळ सारखे.

हें घडतें कसें? सँड्रा मरे ह्यांच्या जोडप्यांवरील संशोधनांत ह्याचें उत्तर सांपडतें. स्वतःस कमी लेखणाऱ्याला जोडीदाराचा आदरही असतो त्याहून कमी भासतो. मग मन दुखावण्यापूर्वींच तो मागें सरतो, जोडीदारांतले दोष शोधूं लागतो. त्या दुराव्यानें जोडीदार खरोखरच विटतो, आणि नसलेली शंका खरी ठरते. मात्र जेथें रोज पाणउतारा वा मारहाण होते, तेथें दुखावलेल्याच्या मनाला दोष देणें हा अन्याय होय.

हें सुधारतें कशानें, हें पाहावयास पुण्याच्या एका जुन्या घराकडे वळूं. 1873 सालीं अकरा वर्षांच्या रमाबाई न्यायमूर्ति रानड्यांच्या घरीं आल्या. पति वयानें वीस वर्षांनीं मोठे. त्यांनीं पत्नीस मराठी, पुढें इंग्रजी शिकविली. घरांतील बायकांनीं त्यावरून टोमणे मारले. "तूं हुशार आहेस" एवढेंच पति म्हणत राहिले असते, तर त्या टोमण्यांपुढें तें टिकलें नसतें, असें मला वाटतें. रानड्यांनीं वाचन दिलें, सभेंत बोलण्याची संधि दिली. जें स्वतः करून दाखविलें त्याचा विश्वास बसतो. नातें बरोबरीचें नव्हतें, हें येथें झांकूं नये. शिकविणारे ते, शिकणाऱ्या ह्या. दिशाही त्यांनींच ठरविलेली.

परंतु ती प्रतिष्ठा उसनी राहिली नाहीं. 1901 सालीं रानडे वारले. पुढें 1909 सालीं पुण्याचें सेवासदन उभें राहिलें तें रमाबाईंच्या नेतृत्वाखालीं. 1910 सालीं त्यांनीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' प्रसिद्ध केल्या. त्यांत पतीविषयींची भक्ति आहे, आणि सासरच्या त्या टोमण्यांची हकीकतही त्यांनीं आडपडदा न ठेवतां लिहिली आहे.