गिटारचा आवाज सुधारायचा कसा?

एप्रिल जवळ आला की पनवेल परिसरातील वस्त्यांतून जयंतीच्या कार्यक्रमांच्या तालमी सुरू होतात. पूर्वी पेटी-ढोलकीवर भीमगीते रंगत. आता कीबोर्ड, पॅड आणि इलेक्ट्रिक गिटारही साथीला असते. घरच्यांनी काटकसर करून मुलाला गिटार आणि मॉडेलिंग ॲम्प्लिफायर घेऊन द्यावा आणि मंचावर मात्र आवाज कर्कश यावा, असे पुष्कळदा घडते. मुलगा हिरमुसतो, घरचे म्हणतात पैसे पाण्यात गेले. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो, बटणे कशी लावली याचा असतो.

जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांच्यावर ताकदीबाहेर जोर दिला की आवाज किंचित फाटे. तोच फाटका गोडवा रॉक संगीताची ओळख ठरला. फेंडर, मार्शल, व्हॉक्स या प्रत्येकाचा आवाज निराळा. असे ॲम्प्लिफायर आजही मिळतात, पण ते जड आणि महाग असतात. १९९६ साली अमेरिकेच्या लाईन सिक्स कंपनीने ॲक्सिस २१२ हा ॲम्प्लिफायर आणला. त्यातली संगणकीय चिप अशा निरनिराळ्या आवाजांची गणिताने नक्कल करीत असे. १९९८ साली त्याच कंपनीचे पॉड हे छोटे लाल यंत्र आले आणि ही पद्धत घराघरांत पोचली.

यंत्रात आधीच भरलेले आवाज गिऱ्हाईक भुलावे असे झगमगीत असतात. प्रथम एको, रिव्हर्ब सारे बंद करावे. एकच साधा, स्वच्छ आवाज निवडावा. बेस, मिडल, ट्रेबल मध्यावर ठेवावेत. गेन, म्हणजे आवाज फाडणारे बटण, हवेसे वाटते त्याहून थोडे कमीच ठेवावे. मिडल कापू नये. घरी एकट्याने वाजवताना मिडल कमी केलेला आवाज भारदस्त वाटतो, पण ढोलकी आणि कीबोर्ड सुरू होताच गिटार हरवते. बेस मात्र थोडा उतरवावा, ती जागा ढोलकीच्या धुमाची आहे.

घरी जुळवलेला आवाज मंचावर का बिघडतो? फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज लहान असला म्हणजे आपल्या कानाला खर्ज आणि टिपेचे सूर कमी ऐकू येतात. चाळीत शेजाऱ्यांचा विचार करून हळू वाजवणारा मुलगा साहजिकच बेस-ट्रेबल वाढवतो. मंचावर आवाज मोठा होताच तेच अंगावर येते. म्हणून कार्यक्रमाआधी एकदा दिवसा, सभागृहात, पूर्ण आवाजात सर्वांसह वाजवून बटणे लावावीत आणि खुणा वहीत लिहून ठेवाव्यात. ॲम्प्लिफायर पायाशी न ठेवता खुर्चीवर ठेवावा. पायाशी असला तर त्याचा कर्कशपणा वादकाला कळत नाही, पुढे बसलेल्यांना कळतो.

यंत्रातून वायर थेट मिक्सरला द्यायची असेल तर कॅबिनेट सिम्युलेशन चालू हवे. गिटारचा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचे सूर फारसे काढत नाही. मिक्सरचे भोंगे ते सारे काढतात, आणि मग गिटार माशीसारखी घोंघावते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अर्थिंगची. गुणगुण थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढण्याची खोड अनेकांना असते. हे जिवावर बेतू शकते. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि यंत्रात बिघाड असेल, तर हात तारेवर असताना ओठ माईकला लागताच जबर झटका बसू शकतो. मंडपात जनित्र असो वा सरकारी वीज, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. पालकांनीही हे जातीने पाहावे.

शेवटी, भीमगीत ऐकायला आलेल्या माणसाला शब्द ऐकायचा असतो. गायकाचा शब्द शेवटच्या रांगेतील आजीपर्यंत स्पष्ट पोचला आणि त्याखाली गिटार गोड वाजत राहिली, तर समजावे की आवाज जमला.