स्नानाचे पाणी आणि सरपण

चंद्रपूर आणि 1982 साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत स्वयंपाकास गॅस आला, तरी अनेक घरी स्नानाचे पाणी अद्याप सरपणावरच तापते. त्याचा हिशेब असा : 40 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंश सेल्सियसपर्यंत तापविण्यास 1000 किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडापासून सुमारे 3500 किलोकॅलरी मिळतात. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर यांपैकी दशांशच पाण्यास पोहोचली, तर जवळजवळ 3 किलो लाकूड जळते. बंबात विस्तव मधल्या नळीत असून पाणी तिच्या सभोवती असते. त्यामुळे धुराबरोबर वाया जाणारी बरीच उष्णता पाण्यास मिळते. ही कार्यक्षमता चतुर्थांश धरल्यास सव्वा किलोहून कमी लाकूड पुरते. महिन्याकाठी बचत सुमारे 50 किलोंची, म्हणजे डोक्यावरच्या दोन मोळ्यांची होते. नळीत काजळी साचल्यास मात्र हा लाभ घटतो.

ब्रह्मपुरी व ताडोबाच्या परिसरात सरपणासाठी रानात गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात बळी पडली आहेत. अशा गावी वाचलेली प्रत्येक मोळी म्हणजे रानातील एक टळलेली खेप होय. बंबाची निवड व निगा यांचा विचार याच दृष्टीने व्हावयास हवा.