गुलाबी बोंडअळी आणि द्विसूत्री आरएनए

कापूस हे जालना जिल्ह्यातील खरिपाचे एक प्रमुख पीक होय. बियाण्यांच्या व्यवसायासाठीही जालना शहर प्रसिद्ध आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथेच महिको ही कंपनी स्थापन केली. २००२ साली भारतात मान्यता पावलेल्या पहिल्या बीटी कापसाशी तिचा निकट संबंध होता. बोंडअळ्यांना मारक असे प्रथिन हे झाड स्वतःच तयार करते. परंतु गुलाबी बोंडअळी प्रथम एका व पुढे दुसऱ्याही बीटी प्रथिनास दाद देईनाशी झाली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणूनच रासायनिक कीटकनाशकांना आरएनए हा पर्याय कितपत ठरेल, हे तपासणे अगत्याचे आहे.

जनुकाचा आदेश संदेशवाहक आरएनएच्या रूपाने प्रथिननिर्मितीच्या स्थळी पोचतो. या आदेशाशी जुळणारा द्विसूत्री आरएनए पेशीत शिरल्यास डायसर हे विकर त्याचे सुमारे २१ घटकांचे तुकडे करते, आणि त्यांच्या आधारे पेशी आपलाच संदेश ओळखून तोडून टाकते. जनुक शाबूत राहते; प्रथिन मात्र तयार होत नाही. ही क्रिया अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ साली सूत्रकृमीत उलगडली. २००६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जीवनावश्यक जनुक निवडले की कीड मरते. जुळणी त्या किडीपुरतीच ठेवल्यास मधमाशीसारख्या उपकारक कीटकांना धोका कमी राहतो.

भुंगेऱ्यांवर हा उपाय प्रभावी ठरतो. बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी अशा फवारणीच्या औषधास अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. अळ्यांचे तसे नाही. त्यांच्या आतड्यातील विकरे आरएनएचे विघटन करतात, आणि जो पेशीत शिरतो तोही बराचसा तेथील पुटिकांतच अडकून पडतो. शिवाय गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघताच लवकरच पाते, फूल वा बोंड यांत शिरते. तेथे कोणतीही फवारणी सहसा पोचत नाही. झाडानेच आरएनए निर्माण करावा, हा मार्ग उरतो.

तथापि प्रतिकारशक्तीचा प्रश्न तेथेही सुटत नाही. मक्याच्या मुळांवरील भुंगेऱ्याच्या एका निवडक समूहाविषयी २०१८ साली असे प्रसिद्ध झाले की, त्याच्या आतड्यातील पेशी द्विसूत्री आरएनए आत घेतच नव्हत्या. त्यामुळे अन्य जनुकांविरुद्धचा आरएनएही त्यावर निष्फळ ठरला. म्हणजे केवळ जनुक बदलून भागणारे नाही.

सारांश, जालन्याच्या कापसापुरता हा प्रश्न योग्य जनुक शोधण्याचा जितका आहे, तितकाच अळीच्या आतड्याचा अडसर ओलांडण्याचा आहे. संशोधकांनी तेथे लक्ष केंद्रित करावे. तोवर फरदड न घेणे, पऱ्हाट्यांची वेळीच विल्हेवाट लावणे आणि कामगंध सापळे लावणे, हे उपाय अपरिहार्य आहेत; आरएनए हाती आल्यावरही त्यांची गरज संपणार नाही.