अश्मरी : औषधाआधी पाण्याचा हिशेब

नव्या घटातील निर्मळ जलातही कालांतराने गाळ बसतो, तशी बस्तीत अश्मरी जमते, असे सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात सांगितले आहे. गाळ बसू न देणे हीच प्रथम चिकित्सा होय. म्हणून वरुण, गोक्षुर, पाषाणभेद योजताना आम्ही आधी मूत्राचे प्रमाण विचारतो. हृदय व वृक्क सक्षम असल्यास दिवसाकाठी सुमारे २.५ लिटर मूत्रप्रवृत्ती होईल इतके जलपान हवे. लिंबूपाणी हितकर, पण त्यात मीठ नको. दूध-ताक बंद करू नये; आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते.

वेदनेसह ज्वर वा मूत्रावरोध असल्यास मात्र औषधविक्रेत्या बंधूंनीही पुडी न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. विलंबाने वृक्क गमावण्याचा, प्रसंगी प्राणावर बेतण्याचा धोका असतो.